व्हर्च्युअल मशीनमधील साठवण : घरगुती मीडिया सर्व्हर

घरातले सिनेमे, गाणी, फोटो आणि लग्नकार्याच्या चित्रफिती ज्या हार्ड डिस्कांवर असतात, त्यांचा कारभार वेगळ्या संगणकाकडे न देता एकाच संगणकात चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनकडे (व्हीएम, म्हणजे संगणकातला आभासी संगणक) सोपवण्याची पद्धत. मूळ संगणकावर व्हीएम चालवणारी प्रॉक्समॉक्ससारखी प्रणाली असते, ती यजमान. तिच्या आत ट्रूनॅस किंवा अनरेड हा पाहुणा डिस्क सांभाळतो आणि शेजारच्या कंटेनरमधले, म्हणजे व्हीएमपेक्षा हलक्या कप्प्यातले, जेलीफिन किंवा प्लेक्स त्यावरचा सिनेमा टीव्हीपर्यंत पोचवते. खान्देशात पाव्हण्याला ओसरी मोकळी असते, कोठीची किल्ली नसते. इथे मात्र किल्ली देण्यावरच सगळे अवलंबून आहे.

या मांडणीतले घटक वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या कामांसाठी जन्मले. झेडएफएस ही फाइल-व्यवस्था सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू एरन्स यांनी २००१ पासून घडवली. तिचा स्रोत २००५ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी फ्रीनॅस निघाले. २०२० मध्ये त्याचे नाव ट्रूनॅस कोअर झाले आणि २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारी स्केल ही आवृत्ती आली. लिनक्सच्या गाभ्यात व्हीएम चालवण्याची केव्हीएम ही सोय २००७ साली दाखल झाली आणि व्हिएन्नातल्या कंपनीचे प्रॉक्समॉक्स २००८ मध्ये निघाले. झेडएफएस घडले ते डिस्क थेट हातात असतात असे धरून. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ हेच आहे.

डिस्क पाहुण्याला देण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, यजमानाच्या डिस्कवर मोठी फाइल करून तीच ‘डिस्क’ म्हणून देणे. सरावासाठी हे ठीक. पण खाली यजमानाचे झेडएफएस आणि वर पाहुण्याचे, असे एकावर एक आले की एकच नोंद अनेकदा लिहिली जाते आणि रॅमही दोन्हीकडे खर्च होते. यजमानाने वेगासाठी कॅशेची बेफिकीर पद्धत लावली असेल, तर ‘लिहिले’ असा होकार डिस्कवर काही उतरण्याआधीच पाहुण्याला मिळतो. झेडएफएस जुन्या जागेवर कधी लिहीत नाही. आधी नवी नोंद पक्की करते, मग पत्ता बदलते. हा क्रम खऱ्या होकारावर उभा असतो. होकार खोटा निघाला आणि त्याच क्षणी वीज गेली, तर अख्खा पूल (झेडएफएसने डिस्का एकत्र बांधून केलेली साठवण) उघडेनासा होऊ शकतो.

दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक डिस्क तिच्या ओळख-क्रमांकाने पाहुण्याला जोडणे. दोन मिनिटांत जमते, म्हणून बरेच जण इथेच थांबतात. पण ही अर्धीच किल्ली. पाहुण्याला डिस्कचे ‘स्मार्ट’ (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींचे) अहवाल दिसत नाहीत; तापमान नाही, खराब सेक्टर नाहीत. शिवाय डिस्क यजमानालाही दिसत राहतात. कोणी घाईत तोच पूल यजमानावर जबरदस्तीने उघडला, तर दोन मालक एकाच वहीत लिहू लागतात आणि त्यातून डेटा सहसा वाचत नाही. बॅकअपच्या यादीतून या डिस्क वगळायच्या राहिल्या, तर रात्रीचा बॅकअप त्या सगळ्या टेराबाइटांची नक्कल करायला बसतो, हे आणखी एक.

तिसरा आणि खरा मार्ग म्हणजे डिस्क जिला जोडल्या आहेत ती कंट्रोलर चिपच पाहुण्याच्या स्वाधीन करणे. याला पासथ्रू म्हणतात. त्यासाठी बायोसमध्ये इंटेलचे व्हीटी-डी किंवा एएमडीचे आयओएमएमयू, म्हणजे उपकरण थेट पाहुण्याला देण्याची सोय, चालू हवी. जुन्या बाजारातून यंत्र घेताना हे आधी पाहावे : आय५-२५०० के, आय७-३७७० के यांसारख्या ‘के’ प्रोसेसरांत व्हीटी-डी नाही, त्यांच्याच बिन-‘के’ भावंडांत आहे. कंट्रोलर म्हणून एलएसआय ९२११-८आय हे कार्ड प्रसिद्ध आहे. त्यावर डिस्क जशाच्या तशा पुढे देणारे ‘आयटी’ फर्मवेअर हवे, त्या स्वतःच एकत्र बांधणारे रेडचे नको. पण यजमान एनव्हीएमई एसएसडीवरून सुरू होत असेल आणि मदरबोर्डवरचा साटा कंट्रोलर स्वतंत्र आयओएमएमयू गटात (एकत्रच देता येणाऱ्या उपकरणांच्या संचात) असेल, तर तोच देता येतो आणि कार्डाचा खर्च वाचतो. या मार्गाचा मोठा फायदा बिघाडाच्या दिवशी कळतो : यजमान कोसळला, तरी त्याच डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून, त्यावर ट्रूनॅस घालून, पूल जसाच्या तसा उघडता येतो.

पासथ्रूची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. कंट्रोलर दिलेल्या पाहुण्याची रॅम सुरुवातीलाच पूर्ण अडकते; ती लागेल तशी कमी-जास्त होत नाही. ट्रूनॅसला किमान ८ जीबी लागते, म्हणजे १६ जीबीच्या यंत्रात निम्मी गेलीच. सुरू होण्याचा क्रमही ठरवावा लागतो : आधी साठवणीचा पाहुणा, थोडा वेळ थांबून मग जेलीफिन, नाहीतर त्याला फोल्डर रिकामे दिसते. जेलीफिनचा स्वतःचा डेटाबेस मात्र नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवू नये, यजमानाच्या एसएसडीवरच असू द्यावा. अनप्रिव्हिलेज्ड (मर्यादित अधिकारांच्या) कंटेनरमधला ‘रूट’, म्हणजे आतला सर्वाधिकारी, बाहेरून १००००० क्रमांकाचा वापरकर्ता दिसतो, आणि ‘परवानगी नाही’ हा संदेश पुष्कळदा त्यामुळेच येतो.

खान्देशात या मांडणीची कसोटी उन्हाळ्यात लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. घरगुती डिस्कांची मर्यादा साधारण ६० ते ६५ अंश असते आणि बंद पेटीतली डिस्क खोलीपेक्षा बरीच तापते. अशा वेळी स्मार्टमधला तापमानाचा आकडा पाहुण्याला दिसणे ही चैन राहत नाही. तो दिसला तरच ट्रूनॅस वेळेवर इशारा देईल. म्हणून दुसरा मार्ग इतरत्र खपून जात असला, तरी इथे तो निवडू नये असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एलएसआयची कार्डेही चांगलीच तापतात, कारण ती मुळात सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्यासाठी बनलेली. घरच्या पेटीत त्यांच्यावर छोटा पंखा बसवावा. सर्व्हर कूलरसमोर ठेवण्याचा मोह मात्र आवरावा. ओलसर वारा आणि पाण्यातले क्षार यंत्राला उन्हाइतकेच बाधतात.

दुसरी कसोटी विजेची. दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र भुसावळच्या उशाला आहे, म्हणून गावातली लाइट जात नाही असे नाही. घरच्या इन्व्हर्टरवर सर्व्हर चालवायचा, तर त्याचे बटण ‘यूपीएस’ खुणेवर हवे. साध्या खुणेवर बदलाला लागणाऱ्या क्षणभरात संगणक पुन्हा सुरू होऊ शकतो. वेगळा यूपीएस असेल, तर त्याची यूएसबी तार पाहुण्याला द्यावी की यजमानाला, हा प्रश्न नेहमी पडतो. यजमानालाच द्यावी. त्याने एनयूटी या यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रॅममार्फत बॅटरी उतरल्याची खबर घेऊन आधी जेलीफिन, मग साठवण आणि शेवटी स्वतःला बंद करावे. पाहुण्याला तार दिली, तर तो शहाण्यासारखा निजतो आणि यजमान जागाच राहून अंधारात पडतो.

साठवायचे काय, यावर जागेचा हिशेब ठरतो. मिनीडीव्ही कॅसेटमधला एक तास उतरवला की सुमारे १३ जीबी होतो; चार तासांचे लग्न ५० जीबीच्या पुढे जाते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरची गाणी, श्रावणातल्या कानबाई देवीचे रोट, त्यासाठी सुरत-पुण्याहून आलेले भाऊबंद, हे सगळे जुन्या कॅसेटींत असेल तर ४ टीबीच्या चार डिस्कांचा रेडझेड-१ पूल बराच काळ पुरतो. त्यात एका डिस्कइतकी जागा सुरक्षेपोटी जाते आणि एक डिस्क मेली तरी डेटा राहतो. दोन गेल्या तर काही राहत नाही.

अनेक घरांना या पाहुण्याची गरजच नसते, हेही नोंदवले पाहिजे. प्रॉक्समॉक्स स्वतः झेडएफएस चालवते. पूल यजमानावरच ठेवून एका कंटेनरमध्ये नेटवर्कवर फोल्डर वाटणारा सांबा बसवला की फोल्डर घरभर दिसते. मग पासथ्रू नको, ८ जीबी अडकवणे नको. ट्रूनॅसचे सोयीचे पडदे आणि इशारे तेवढे हुकतात. घरात एकच माणूस हे सांभाळणार असेल, तर हा मार्ग हलका पडतो.

कोणताही मार्ग घेतला तरी दुसरी प्रत वेगळ्या छपराखाली लागते. झेडएफएसचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) दुसऱ्या डिस्कवर पाठवता येतो आणि पुढच्या खेपेला फक्त बदललेला भाग जातो. ती डिस्क सुरतच्या काकांच्या कपाटात राहते. कानबाईला येताना ते पिशवीत घालून आणतात, रोट होईपर्यंत तिच्यात वर्षभराची भर पडते आणि परतीच्या गाडीने ती पुन्हा सुरतेला जाते.