ब्रँडला ‘ओके’ कळवण्याआधी करार आमच्याकडे आणा
(रील आणि यूट्यूबचं काम करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले बरेच जण आता ब्रँडसाठी व्हिडिओ करतात आणि करार तपासून घ्यायला आमच्या कार्यालयात येतात. पण बहुतेक जण येतात ते व्हिडिओ अपलोड झाल्यावर, आणि विचारतात, "यातलं हे कलम काढता येईल का?" त्या वेळी ब्रँड राजी झाला तरच काढता येतं. एरवी अर्ध्या तासात संपणाऱ्या कामाला मग पंधरा दिवस ब्रँडशी मेलवर बोलणी करावी लागतात, आणि तरीही हाती काही लागेलच असं नाही.

"सही केलेली नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त ‘ओके, डन’ म्हटलंय," असं सांगतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे होकार इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिला एवढ्याच कारणाने करार रद्द ठरत नाही. त्यामुळे अटी आल्यावर पाठवलेलं ‘डन’ तुम्हाला बांधू शकतं. दर जमला की एवढंच लिहा: "दर मान्य आहे. करार वाचून अटींबद्दल दोन दिवसांत कळवतो, तोवर काम पक्कं धरू नये." चांगला ब्रँड यावर नाराज होत नाही.

"मग कागदच नको, तोंडी बरं," असंही काही जण म्हणतात. त्यात तोटा तुमचाच आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन केलेल्या चित्रफितीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ती करवून घेणारा असतो. म्हणजे कल्पना तुमची, चेहरा तुमचा, घरच्या अंगणात शूटिंग, आणि मालकी ब्रँडची. म्हणून आम्ही पहिली ओळ हीच घालतो की मालकी व्हिडिओ करणाऱ्याकडे राहील आणि ब्रँडला फक्त ठरलेल्या वापराची परवानगी असेल. कुठल्या पेजवर, किती दिवस, आणि पैसे लावून जाहिरात चालवायची तर त्याचा दर वेगळा, हे सगळं लिहून घेतो. मुदत आणि प्रदेश लिहिलाच नाही तर कायदा पाच वर्षं आणि सगळा भारत धरतो. मराठी रील कन्नडमध्ये डब करून बेंगळुरू-हुबळीत चालवायची तर आधी विचारावं आणि वेगळे पैसे द्यावेत, ही अट आपल्या भागात हवीच.

प्रतिस्पर्ध्यांचं काम न करण्याची अट सीमाभागात जास्त अडते. बेळगावच्या सराफाच्या करारात ‘कर्नाटक व महाराष्ट्र’ असं सहज लिहिलेलं असतं. तुमचे निम्मे फॉलोअर्स कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडचे असतील, तर पुढच्या महिन्यात तिकडच्या पेढीचं काम आलं तरी घेता येत नाही. यात वस्तूचा प्रकार, दिवस आणि प्रतिस्पर्धी दुकानांची नावं लिहून घ्यावीत. ‘सर्व दागिने, सहा महिने’ या अटीला आम्ही सही करू देत नाही.

पैसे ९० दिवसांनी मिळतील असं लिहिलं असेल तर घाबरू नका. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाचे पैसे करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, उशीर झाल्यास व्याजही लागतं. मात्र नोंदणी काम करण्याआधीची हवी. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्यासाठी कोणालाही, आम्हालाही, पैसे देऊ नका.

पैशाऐवजी मोबाइल किंवा वस्तू मिळाली आणि ती तुमच्याकडेच राहिली, तर तेही उत्पन्न आहे. एका ब्रँडकडून वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू आल्या तर जुलै २०२२ पासून १० टक्के टीडीएस (आधीच कापून भरायचा आयकर) लागतो. तो कोण भरणार हे आधी ठरवा. आणि ‘जाहिरात’ हा शब्द रीलवर लिहिणं टाळायला सांगणारा ब्रँड सोडून द्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल रील करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दावा खरा आहे का याची तुम्ही नीट खात्री केली होती हे दाखवता आलं, तर कायदा संरक्षण देतो. म्हणून केस वाढवणाऱ्या तेलाची रील करण्याआधी चाचणीचा कागद मागून ठेवा.

आम्ही करार फोनवर ऐकून किंवा एका पानाचा फोटो बघून सांगत नाही, यावर काही जण रुसतात. पण अडचणीच्या अटी बहुधा शेवटच्या परिशिष्टातच असतात. पूर्ण करार वाचायला आणि वकिलांच्या नजरेखालून घालायला दोन दिवस लागतात. शुल्क पानांवर असतं, तुमच्या मानधनावर नाही, कारण पाच हजारांचा करारही पन्नास हजारांच्या कराराइतकाच बारकाईने वाचावा लागतो. महिन्याला तीन-चार कामं येत असतील तर तुमच्या स्वतःच्या अटींचा इंग्रजी मसुदा, सोबत मराठीत अर्थ, एकदाच करून घ्या. पुढे प्रत्येक ब्रँडला तोच पाठवता येतो. जीएसटी आणि विवरणपत्राचं कामही इथेच होतं.

येताना कराराची सगळी पानं, परिशिष्टं आणि ब्रँडशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅप व मेलवरचं पूर्ण बोलणं आणा. काही डिलीट करू नका.