पार्श्वभूमी : व्हॉट्सॲपवरची पाच फॉरवर्डची मर्यादा आणि मागे पडलेले शिक्षण

माध्यम साक्षरता हा विषय महाराष्ट्रात परिसंवादांतून निघून गावाच्या चावडीवर आला तो १ जुलै २०१८ नंतर. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला त्या रविवारी आठवडे बाजार होता. मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठार मारले. हे पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे होते. त्याच दिवशी मालेगावात अशाच संशयावरून जमावाने पाच जणांना घेरले होते. त्यांत दोन वर्षांचे मूल होते. पोलिसांनी त्यांना वाचवले.

त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात, एवढेच त्यात दिसायचे. मूळ फीत कराचीतल्या बालसुरक्षेच्या मोहिमेची होती. तिच्या शेवटी मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. नेमका तोच तुकडा कुणीतरी कापला होता.

कापलेला व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर पोहोचला, पण मार खाल्ला तो ठरावीक लोकांनी: भटक्यांनी, भिक्षेकऱ्यांनी, परप्रांतीय मजुरांनी, मनोरुग्णांनी. ‘गप्प बस, नाहीतर गोसावी झोळीत घालून नेईल’ असे सांगून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुलांना झोपवले गेले आहे. १८७१च्या कायद्याने कितीतरी भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी गावात अनोळखी पाल पडले की आधी चोरीचा संशय घ्यायचा, ही सवय गेली नाही. फोनवरच्या मजकुराने नवी भीती निर्माण केली नाही. घरात आधीपासून असलेल्या भीतीला त्याने पुरावा आणून दिला.

ऐकीव माहितीवर विसंबण्यामागे जुनी कारणे आहेत. १८३२ मध्ये मराठीत वृत्तपत्र निघाले तेव्हा ते वाचू शकणारे मूठभर होते. पुढे कितीतरी काळ गावात एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, अशीच पद्धत राहिली. वाचणारा बहुधा कुलकर्णी नाहीतर शाळामास्तर, म्हणजे कागदावरचा विश्वास हा खरे तर त्या माणसावरचा विश्वास. १८७७ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांचे, आणि १९२० मध्ये अस्पृश्य समाजाचे म्हणणे मांडणारी पत्रे निघाली ती याच मक्तेदारीविरुद्ध. माध्यमात आपल्याबद्दल काय छापून येते ते तपासायचे आणि उत्तर द्यायचे, हे शिक्षण बहुजन समाजाने स्वतःच उभे केले. माध्यम साक्षरतेच्या आजच्या अभ्यासक्रमांत या परंपरेचा उल्लेखही सहसा नसतो, हे खटकते.

गणपती दूध पितो ही बातमी २१ सप्टेंबर १९९५ रोजी काही तासांत देशभर गेली. हातोहाती मोबाईल नव्हते, घरचा फोन आणि एसटीडी बूथ पुरेसे ठरले. शिकलेली माणसेही वाटी-चमचा घेऊन रांगेत उभी होती. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाईल डेटा एकदम स्वस्त झाला, तोही सगळ्यांच्या हाती सारखा आला नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, इंटरनेट कधी ना कधी वापरल्याचे महाराष्ट्रातल्या सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी आणि ६१ टक्के पुरुषांनी सांगितले. म्हणजे अनेक घरांत फोनवरची बातमी बायकांपर्यंत नवरा, मुलगा किंवा दीर यांच्या तोंडूनच यायची. तपासून पाहायचे ठरवले तरी फोन हातात नाही.

राईनपाड्यानंतरचा निर्णय या साऱ्याकडे न पाहता झाला. केंद्र सरकारने व्हॉट्सॲप चालवणाऱ्या कंपनीला जाब विचारला. जुलै २०१८ मध्येच आलेल्या मजकुरावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दिसू लागली. भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले आणि फोटो-व्हिडिओशेजारचे झटपट पाठवायचे बटण काढले गेले. पाचाची मर्यादा जानेवारी २०१९ मध्ये जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला.

या मर्यादेवर तेव्हापासून वाद आहे. समर्थक म्हणतात, पसरण्याचा वेग कमी झाला तर पोलिसांना वेळ मिळतो. हे खरेच आहे. विरोधकांपैकी काहींना मूळ पाठवणारा शोधता यायला हवा होता. केंद्राच्या २०२१च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांत ती अट आली आणि खासगीपणाचा नवा वाद उभा राहिला. दोन्ही बाजूंनी विचार झाला तो पाठवणाऱ्या बोटाचा. पाच माणसे असलेल्या गटात पाठवले काय आणि दोनशे माणसांच्या भावकीच्या गटात पाठवले काय, मोजणीत दोन्ही एकच. काका, सरपंच किंवा सर यांनी पाठवलेले खोटे कसे म्हणायचे, ही घरातली अडचण तर कुठल्याच बटणाने सुटणारी नव्हती.

लोकशिक्षणाचा भाग आला तो कंपनीच्या जाहिरातींतून. अफवा कशा ओळखाव्यात याच्या दहा सूचना जुलैत वृत्तपत्रांत पानभर छापून आल्या, म्हणजे ज्यांच्या घरी रोज पेपर येतो त्यांना त्या प्रथम मिळाल्या. रेडिओवरची मोहीम त्यानंतर, ऑगस्टअखेर, हिंदीत सुरू झाली. साक्रीच्या पाड्यांवर घरात अहिराणी, आदिवासींची कोकणी, भिली चालते. केरळात कण्णूर जिल्ह्यात त्याच वर्षी सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे तास घेतले गेले. आपल्याकडे शिक्षणावरचा भर बहुतांशी जाहिरातींपुरताच राहिला.

१६ एप्रिल २०२० रोजी पालघरमधल्या गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांचा बळी गेला. नंतर या घटनेला धार्मिक रंग देणारे मजकूर फिरले, आणि त्यांत शहरी, सुशिक्षित गटही मागे नव्हते. हा रंग खोटा आहे हे दाखवण्यासाठी अटक झालेल्या १०१ जणांची यादी राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावी लागली. पदवीने ही सवय सुटत नाही.

बिहारमध्ये २०१९च्या निवडणुकीच्या काळात एका संशोधनात घरोघरी जाऊन तासाभराचे प्रशिक्षण दिले गेले, त्याचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. काही वर्षांनी तिथेच साडेतेरा हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांबरोबर दुसरा प्रयोग झाला. गावातल्या सामुदायिक वाचनालयांत, वर्गमित्रांसोबत, चौदा आठवड्यांत चार बैठका घेतल्या गेल्या. काही महिन्यांनीही परिणाम टिकून होता आणि मुलांकडून तो आईवडिलांपर्यंत गेला होता.

महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली उभी राहिलेली सुमारे अकरा हजार सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांत गावातली ‘ड’ वर्गाची छोटी वाचनालयेही आहेत. २०१२च्या ग्रंथालय पडताळणीनंतर नव्या वाचनालयांना मान्यता देणे थांबले. फॉरवर्डवर मर्यादा आली त्या वर्षीही ते थांबलेलेच होते.