ईआरसीपी की ईयूएस? दुर्बीण तोंडातूनच, पण वाट वेगळी

‘दुर्बीण घालून स्टेंट (वाट उघडी ठेवणारी नळी) टाकला’ एवढंच नातेवाइकांच्या लक्षात राहतं. कागदावर मात्र कधी ईआरसीपी लिहिलेलं असतं, कधी ईयूएस. दोन्हींत दुर्बीण तोंडावाटे जाते, दोन्हींचा संबंध पित्तनलिका आणि स्वादुपिंडाशी, त्यामुळे घोळ होणारच.

ईआरसीपी शरीराचंच दार वापरते. पित्तनलिका लहान आतड्यात जिथे उघडते, त्या इवल्याशा तोंडातून वायर आत सरकवतात, डाय (एक्स-रेत उठून दिसणारं औषध) सोडतात आणि एक्स-रेवर नळी बघतात. खडा असेल तर नळीचं तोंड थोडं कापून बास्केटनं (तारेच्या छोट्या जाळीनं) ओढून काढतात. नळीतल्या खड्यांसाठी आजही हीच पहिली पसंती.

ईयूएसच्या दुर्बिणीच्या टोकावर सोनोग्राफीचा प्रोब असतो. तो जठराच्या भिंतीला टेकवला की पलीकडचं स्वादुपिंड अगदी जवळून दिसतं. पूर्वी हिचं काम बघणं आणि सुईनं नमुना घेणं एवढंच. आता ती भिंतीतूनच नवं दार पाडते.

स्वादुपिंडाला जोराची सूज येऊन गेल्यावर कधीकधी शेजारी पाणी आणि मेलेल्या पेशींची पिशवी साचते. तिचं कवच पक्कं व्हायला साधारण चार आठवडे लागतात, तोवर शक्यतो थांबतात. मग डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर बघत, रक्तवाहिन्या चुकवून जठरातून पिशवीत शिरायचं आणि डमरूच्या आकाराचा धातूचा स्टेंट सोडायचा. त्याचं एक तोंड पिशवीत उघडतं, दुसरं जठरात. मधल्या अरुंद भागात दोन्ही भिंती धरल्या जातात. पूर्वी यासाठी पोट उघडावं लागे. हा स्टेंट काही आठवड्यांनी काढावाच लागतो, राहिला तर रक्तस्रावाची भीती. ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी, हे मी मुद्दाम सांगतो.

धोकेही वेगळे. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ईयूएसनं पाडलेल्या वाटेत पित्त पोटात झिरपण्याची किंवा स्टेंट सरकण्याची काळजी.

गाठीमुळे आतडंच बंद झालं, तर ईआरसीपीची दुर्बीण दारापर्यंत पोचत नाही. तेव्हा ईयूएसनं यकृतातली पित्तनलिका थेट जठराला जोडून कावीळ उतरवता येते. आणि दार समोर असून वायर आत जात नसेल, तर ईयूएसच्या सुईतून नळीत सोडलेली वायर त्याच दारातून बाहेर काढतात. ईआरसीपीवाला ती पकडून पुढचं काम करतो.