पाच घावांत संपणारा कागद

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा स्लॅब गळायला लागला, म्हणून पावसाळ्याआधी माळा रिकामा करायला घेतला. बाबांची अट एकच, "बाकी काय हवं ते दे पस्तीत (आम्ही बडोदेकर रद्दीला पस्तीच म्हणतो), पण दिवाळी अंकांना हात लावायचा नाही, चाळीस वर्षं काही झालं नाही त्यांना, अजून चाळीस राहतील." मी पहिला गठ्ठा खाली घेतला, सुतळी सोडली, वरचा १९७८चा अंक उचलला आणि त्याचा कोपरा माझ्या बोटातच राहिला. ओढला नव्हता, दुमडला नव्हता, नुसता उचलला होता.

त्याच माळ्यावर एका ट्रंकेत पणजोबांच्याही आधीची हाताने लिहिलेली पोथी होती, लाल फडक्यात बांधलेली. तिचं पान मी वाकवून बघितलं तर छान वाकलं आणि परत सरळ झालं, शाई काळीभोर. म्हणजे पोथी धडधाकट आणि तिच्यापेक्षा कितीतरी तरुण अंकाचा चुरा! कागद म्हातारा झाला की पिवळा पडून तुटतो असं आपण सगळे धरून चालतो, पण नुसत्या वयाचा तो प्रश्न नाहीच.

पोथीचा कागद चिंध्यांपासून केलेला, आपल्या जवळच अहमदाबादला असा हातकागद करणारे कागदी लोक पिढ्यानपिढ्या होते. चिंध्या चुन्याच्या पाण्यात भिजवून कुटायच्या, मग कागदाला खळ लावून दगडाने घोटायचा. शाई काजळीची, ती कागदाला काही करत नाही. नंतर मशिनं आली. १८०७ साली जर्मनीत इलिग नावाच्या माणसाने राळ आणि तुरटी वापरून शाई न फुटणारा कागद करायची पद्धत मांडली, १८४४च्या सुमारास केलर याने लाकूड दगडावर घासून लगदा करायचं तंत्र काढलं आणि कागद स्वस्त झाला. स्वस्त झाला म्हणून तर घरोघरी अंक आले, त्याबद्दल तक्रार नाही. पण लाकडाबरोबर लिग्निन आलं, म्हणजे लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा पदार्थ, जो उजेड आणि हवेने पिवळा पडतो, आणि तुरटीबरोबर आम्ल आलं. या दोन वेगळ्या भानगडी आहेत. पिवळेपणा मुख्यतः लिग्निनचा, ठिसूळपणा मुख्यतः आम्लाचा.

आता आम्ल नेमकं करतं काय, हा माझा सगळ्यात आवडता भाग. कागद म्हणजे सेल्युलोज आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे मणी एकापुढे एक ओवलेली लांबच लांब माळ. दोन मण्यांच्या मध्ये एक ऑक्सिजन असतो, तोच गाठीसारखा दोघांना धरून ठेवतो. आम्लातला हायड्रोजनचा आयन येऊन त्या ऑक्सिजनला चिकटतो, गाठ सैल होते, सुटते, मग हवेतल्या ओलाव्यातलं पाणी येतं आणि तुटलेल्या टोकांवर बसतं. आणि हायड्रोजनचा आयन? तो पुन्हा मोकळा! खर्चच झाला नाही. तो निघाला पुढची गाठ शोधायला. म्हणून थोडंसं आम्लही वर्षानुवर्षं पुरतं.

समजा माळ १२०० मण्यांची आहे. म्हणजे गाठी ११९९. कागद हातात तुटायला लागतो तो माळांची सरासरी लांबी साधारण २००-३०० मण्यांवर आली की. १२००च्या माळेचे २००चे तुकडे करायला किती घाव लागतात? फक्त पाच. ११९९ गाठींपैकी पाच, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. बाकीच्या साडेनव्याण्णव टक्के गाठी शाबूत आहेत, वजन जवळपास तेवढंच आहे, छपाई स्पष्ट वाचता येते, आणि तरी कोपरा हातात येतो. पहिल्या घावातच सरासरी अर्धी होते, १२००ची ६००, पण तेव्हा बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून "चाळीस वर्षं काही झालं नाही" हे फसवं असतं, कारण झालेलं असतं, दिसलेलं नसतं.

रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट. मी मे महिन्यात दुपारी तीनला माळ्यावर थर्मामीटर ठेवला तर ४६ अंश आणि खालच्या मधल्या खोलीत ३४. वर श्रावणातला दमटपणा, म्हणजे पाणीही हजर. कागद ठेवायला अख्ख्या घरात माळ्याइतकी वाईट जागा नाही आणि आपण नेमकं तिथेच जपून ठेवतो. मांडवीची सेंट्रल लायब्ररी, सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून जी ग्रंथालयांची चळवळ इथे उभी केली त्यातली, तिथल्या लोखंडी मांडण्या बघा, पुस्तकं उभी, सावलीत, मधून हवा खेळती.

तुटता तुटता कागद स्वतःही ॲसेटिक, फॉर्मिकसारखी आम्लं सोडतो, ती पुढच्या गाठी तोडतात. जुन्या पुस्तकांचा तो गोडसर वास असतो ना, त्यात व्हॅनिलिन असतं, फुरफुरालही, हे सगळे कागदाच्या मोडतोडीतून निघालेले पदार्थ. बंद ट्रंकेत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ही वाफ कोंडून राहते आणि शेजारच्या चांगल्या कागदालाही लागते. म्हणून जुनी वर्तमानपत्रं चांगल्या पुस्तकांत खोचू नका. डांबराच्या गोळ्यांनी किडे लांब राहतील, आम्लावर त्यांचा काही परिणाम नाही. कसर लागली म्हणून पुस्तकं गच्चीवर कडक उन्हात टाकतात तेही चूक, लिग्निनला तेच हवं असतं, सावलीत वारा द्या. महत्त्वाचे जुने दाखले लॅमिनेट तर अजिबात करू नका, ते परत सोडवता येत नाहीत.

आणि मोबाईलवर फिरणारं ते फॉरवर्ड, ईशान्येला पस्ती ठेवली की घरात निगेटिव्ह एनर्जी येते, लाल फडकं बांधलं की जाते. कृपा करून हे पुढे पाठवू नका. ईशान्येच्या कागदाला आणि नैर्ऋत्येच्या कागदाला आम्ल सारखंच लागतं. फडक्याची पोथीला मदत झाली ती एवढीच की सुती कापडाने धूळ आणि उजेड अडवला आणि ओलाव्याचे चढउतार थोडे सौम्य केले, रंग कुठलाही चालला असता.

आवरताना मी कोपऱ्याची टेस्ट लावली. ज्या पानावर काही छापलेलं नाही त्याचा कोपरा हलकेच मागे-पुढे दुमडायचा. दोन-तीनदा दुमडून तुटला तर त्या कागदाकडे फार वेळ नाही, आधी फोटो काढायचे. न तुटलेलं खाली मधल्या खोलीच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब. दुकानांच्या बिलांचा एक मोठा पुडका निघाला, थर्मल कागदाची (ज्यावर शाईऐवजी उष्णतेने अक्षरं उमटवतात), निम्मी पार कोरी झालेली, उन्हाळ्यांनी अक्षरं उडवली होती, ती तशीच टाकली.

अंक एकूण १६३ निघाले. बाबांनी त्यातले ३१ ठेवायचे म्हणून स्वतः वेगळे काढले, बाकीच्यांची अनुक्रमणिका आणि त्यांनी खुणा केलेल्या गोष्टी यांचे फोटो आम्ही रोज रात्री जेवणानंतर काढतोय, ते पान धरतात, मी मोबाईल. काल १९७८चा निम्मा झाला.