जुना कॉम्प्युटर विकताय? आधी ‘डी’ ड्राइव्ह बघा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे मोफत अपडेट थांबले. तेव्हापासून विंडोज ११ न चालणारं जुनं मशीन विकावं की कुणाला द्यावं, हा प्रश्न अनेक घरांत आहे. ‘फॅक्टरी रीसेट केला की सगळं कोरं होतं’ हा त्यातला सर्वांत घातक समज.

मुळात विंडोजचा रीसेट मशीनला कारखान्यातल्या स्थितीत नेत नाही, सध्याचीच विंडोज नव्याने बसवतो. ‘लोकल रीइन्स्टॉल’ डिस्कवरच्याच सिस्टिम फाइल वापरतो. त्या खराब असतील तर रीसेट अर्ध्यात फसतो. अशा वेळी ‘क्लाउड डाउनलोड’ घ्यावं, म्हणजे विंडोज इंटरनेटवरून उतरवून घ्यावी; त्याला ४ जीबीहून जास्त डेटा लागू शकतो. लॅपटॉप चार्जरला जोडलेलाच हवा.

आता पुसण्याबद्दल. हार्ड डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद ‘मास्टर फाइल टेबल’ नावाच्या वहीत असते, साधारण १ केबीची. फाइल डिलीट केली की त्या नोंदीतला ‘वापरात’ दाखवणारा एक बिट १चा ० होतो आणि तिची जागा मोकळी दाखवली जाते. फोटोचे बाइट जागचे हलत नाहीत. सातबाऱ्यावरून नाव कमी केलं म्हणून शेतातला ऊस नाहीसा होत नाही, तसंच हे. रिकव्हरी सॉफ्टवेअरला वहीची गरजही नसते. जेपीईजी फोटो ‘एफएफ डी८ एफएफ’ या तीन बाइटनी सुरू होतो, ते दिसले की तिथून पुढे ते उचलत जातं.

उपाय म्हणजे त्या जागेवर दुसरं काही लिहिणं. ३५ वेळा लिहावं लागतं, असं सांगणारे अजूनही भेटतात. हा आकडा पीटर गुटमन यांच्या १९९६च्या निबंधातला, तेव्हाच्या निरनिराळ्या डिस्कसाठीचा. आजच्या डिस्कला त्याची गरज नाही, हे त्यांनी स्वतःच नंतर लिहिलं. हार्ड डिस्कवर एकदा लिहिलेलं पुरतं. सेकंदाला १२० एमबी वेग धरला तर १ टीबीला सव्वादोन तासांहून थोडं जास्त लागतं.

एसएसडीची, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश चिपवर साठवणाऱ्या डिस्कची, गोष्ट मात्र वेगळी. फ्लॅश मेमरीत लिहिणं पानापानाने होतं, पण पुसणं शेकडो पानांच्या आख्ख्या ब्लॉकचं. भरलेल्या पानावर पुन्हा लिहिताच येत नाही. म्हणून तुम्ही ‘त्याच’ जागी लिहिलंत तरी कंट्रोलर (एसएसडीचा कारभार पाहणारी चिप) नवा मजकूर दुसऱ्याच पानावर टाकतो आणि जुनं पान फक्त बाद ठरवतो. शिवाय काही राखीव पानं विंडोजला दिसतच नाहीत. ट्रिम ही आज्ञा कंट्रोलरला कोणती पानं नकोत ते सांगते, पण ती कधी पुसायची ते तोच ठरवतो. म्हणून एसएसडीवर आधी बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने पूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट करावी, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करावी. ‘फक्त वापरलेली जागा’ हा पर्याय नको. ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवावी, वाटेत विचारली जाऊ शकते. पुढे किल्ली नष्ट झाली की उरल्यासुरल्या एन्क्रिप्ट तुकड्यांतून काही वाचता येत नाही.

विंडोज १०मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी, रीसेट धिस पीसी अशा क्रमाने जाऊन ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा. नंतर ‘चेंज सेटिंग्ज’ उघडून ‘क्लीन डेटा’ चालू करा, जुन्या जागेवर नव्याने लिहिणारा पर्याय हाच. खरी चूक इथेच होते: रीसेट मुळात फक्त विंडोजच्या ड्राइव्हला हात लावतो. आपल्याकडे लग्नाचे फोटो, आधारच्या प्रती, बँकेची पासबुकं असतात ‘डी’वर. ‘सर्व ड्राइव्हवरच्या फाइल पुसा’ हा वेगळा पर्याय तिथेच दिसतो, तोही चालू करा.

रीसेट संपल्यावर देश निवडायचा पडदा आला की पॉवर बटण दाबून मशीन बंद करा आणि तसंच देऊन टाका.