उच्च शिक्षणातील नेतृत्व आणि ‘ऑनलाइन डॉक्टरेट’ : सीमाभागातील प्राध्यापकांसाठी पात्रता, कागदपत्रे व अर्ज प्रक्रिया

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी येथील महाविद्यालयांत शिकवणाऱ्या आणि पुढे विभागप्रमुख किंवा प्राचार्य होऊ पाहणाऱ्या प्राध्यापकांना उच्च शिक्षणातील नेतृत्व व प्रशासन या विषयातील डॉक्टरेटचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे, आणि नोकरी सांभाळून घरबसल्या पूर्ण होणाऱ्या परदेशी अभ्यासक्रमांच्या जाहिराती ते आणखी वाढवतात. मात्र पदवी नेमकी कशासाठी हवी आहे हे अर्ज भरण्यापूर्वीच ठरवावे, कारण पुढचा सगळा मार्ग त्यावर अवलंबून आहे.

प्राचार्यपद किंवा पदोन्नती हा हेतू असेल, तर ऑनलाइन पीएच.डी.चा उपयोग होणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या पीएच.डी. विनियमांनुसार देशातील कोणत्याही संस्थेला दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. चालवता येत नाही. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये यूजीसी आणि तंत्रशिक्षणाची नियामक संस्था एआयसीटीई यांनी, परदेशी संस्थांशी करार करून खासगी कंपन्या देत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नसल्याची संयुक्त सूचनाही काढली होती. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे या विषयात ‘एड.डी.’ (डॉक्टर ऑफ एज्युकेशन) ही व्यावसायिक डॉक्टरेट ऑनलाइन देतात व तेथे तिला स्थान आहे. तिच्या अर्जाला सहसा पदव्युत्तर पदवीची अधिकृत गुणपत्रके, उद्देशपत्र, शिफारसपत्रे, कामाचा अनुभव आणि इंग्रजीची परीक्षा लागते. ज्ञानासाठी किंवा खासगी संस्थेतील कामासाठी ती कोणी जरूर करावी. परंतु भारतात तिला समकक्षता, म्हणजे इथल्या पदवीच्या बरोबरीची मान्यता, मिळेल असे गृहीत धरून डॉलरमध्ये शुल्क भरणे शहाणपणाचे नाही.

नोकरदारासाठी खुला असलेला मार्ग म्हणजे अर्धवेळ पीएच.डी.; २०२२ च्या विनियमांनी ती स्पष्टपणे मान्य केली आहे. शिक्षणशास्त्र किंवा व्यवस्थापन या विषयांत नोंदणी करून उच्च शिक्षणाचे प्रशासन हा संशोधनविषय घेता येतो. नवी दिल्लीची ‘नीपा’ ही संस्था तर शैक्षणिक नियोजन व प्रशासनासाठीच आहे आणि तेथे नोकरीत असलेल्यांसाठी अर्धवेळ पीएच.डी.ची सोय आहे. जवळच्या पर्यायांत भूतरामनहट्टीचे राणी चन्नम्मा विद्यापीठ, धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ येतात. अर्ज करण्यापूर्वी आपल्या विषयाचा मार्गदर्शक व त्याच्याकडील रिक्त जागा तेथे आहेत का, हे त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावे. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक घेता येत असल्याने जागा लवकर भरतात.

पात्रतेसाठी पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमी लेयर), दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. मान्यताप्राप्त दूरस्थ पदव्युत्तर पदवी चालते. मात्र म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाला २०१३-१४ ते २०१७-१८ या काळात मान्यता नव्हती, म्हणून त्या वर्षांतील प्रवेशाची पदवी असलेल्यांनी आधी तिची वैधता तपासावी. प्रवेश यूजीसी-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेवर होतो आणि त्यात परीक्षेला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के भार असतो. केवळ पीएच.डी.साठी पात्र ठरवणारा नेटचा निकाल एकच वर्ष ग्राह्य असतो, त्यामुळे निकालानंतर रेंगाळू नये.

अर्धवेळ उमेदवाराचे सर्वांत महत्त्वाचे कागदपत्र म्हणजे संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र. ‘आमची हरकत नाही’ एवढी एक ओळ त्यात पुरत नाही. उमेदवाराला अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, कामाचे स्वरूप पाहता त्याला संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.तील सक्तीचा वर्गाभ्यास) त्याला कामातून मोकळे केले जाईल, या तिन्ही बाबी त्यात लिहिलेल्या असाव्यात. तिसऱ्या बाबीवर व्यवस्थापन बहुधा अडखळते, कारण बदली शिक्षकाचा प्रश्न येतो. म्हणून जाहिरात निघण्याची वाट न पाहता हे पत्र आधीच मागावे.

सीमाभागातल्या उमेदवाराची खरी दमछाक इतर दाखल्यांत होते. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये स्थापन झाले; त्यापूर्वी बेळगाव जिल्ह्यातून पदवी घेतलेल्यांची मार्क्स कार्डे धारवाडची असतात, त्यामुळे कोल्हापूरला किंवा दिल्लीला जायचे तर मायग्रेशन प्रमाणपत्र (विद्यापीठ बदलताना लागणारा दाखला) शेवटची पदवी देणाऱ्या विद्यापीठाकडूनच आणावे लागते. नाडकचेरीतून (कर्नाटकातील स्थानिक महसूल कार्यालय) मिळणारा जात किंवा उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये असल्यास इंग्रजी भाषांतर साक्षांकित करून ठेवावे. नेट आणि केंद्रीय संस्थांसाठी इतर मागासवर्गाची केंद्राची यादी व दाखल्याचा केंद्राचाच नमुना चालतो. कर्नाटकात २अ, ३अ किंवा ३ब या राज्याच्या मागास प्रवर्गांत असलेली प्रत्येक जात केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत असतेच असे नाही, आणि नसल्यास आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याचा विचार करावा.

महाराष्ट्रातील विद्यापीठात राज्याचे आरक्षण कर्नाटकच्या दाखल्यावर मिळत नाही. तेथे सहसा खुल्या वर्गातूनच अर्ज करावा लागतो. महाराष्ट्राचा दावा असलेल्या ८६५ गावांतील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी काही व्यावसायिक पदवी प्रवेशांत वेगळी तरतूद आहे, पण पीएच.डी.च्या जाहिरातीत तसा उल्लेख असल्याखेरीज ती गृहीत धरू नये. एसएसएलसीचे (कर्नाटकातील दहावीचे) मार्क्स कार्ड, पदवी आणि आधार यांवरील नावाचा क्रम व आद्याक्षरे जुळत नसतील, तर प्रतिज्ञापत्रही आधीच करून ठेवावे.

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क असते व त्यात ५५ टक्के गुण मिळवावे लागतात. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. किमान मुदत तीन वर्षांची, कमाल सहा वर्षांची असून पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत आहे, आणि महिला संशोधकांना संपूर्ण कालावधीत एकूण २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते.