अण्णा (सफरचंद)

कमी थंडीत फळणारे सफरचंदाचे वाण. 1950च्या दशकात इस्रायलमधील ऐन शेमेर किबुत्झवर (सामूहिक शेतीच्या वसाहतीत) अब्बा स्टाइन यांनी ‘रेड हदासिया’ आणि ‘गोल्डन डेलिशस’ यांच्या संकरातून ते तयार केले. फळ लांबट, फिकट हिरवट-पिवळे. उन्हाकडचा गाल तेवढा लाल. गर पांढरा, करकरीत, आंबटगोड.

काश्मीर-हिमाचलच्या डेलिशसला हिवाळ्यात 7 अंश सेल्सियसच्या खालचे हजारभर तास लागतात. अण्णाला 200 ते 300 पुरतात. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर, ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणून ओळखले जाणारे. पण तेवढी थंडीही इथे पडत नाही. त्यामुळे सीमाभागात हे झाड नुसते लावून भागत नाही, त्याचा बहार धरावा लागतो, म्हणजे त्याला मुद्दाम फुलवावे लागते. रोप विकत घेण्याआधीच हे पक्के समजून घ्यावे.

जावा बेटावरच्या बाटू भागात थंडी नसतानाही सफरचंद पिकते. फळे उतरली की काही आठवड्यांत सगळी पाने हाताने काढतात. झाड झोपी (सुप्तावस्थेत) जाण्याआधीच डोळे (पानाच्या बगलेतले कोंब) फुटतात आणि वर्षात दोन पिके मिळतात. अथणीच्या द्राक्ष बागायतदाराला यात परके काही वाटू नये: ऑक्टोबर छाटणीनंतर तो काडीच्या डोळ्यांना जी पेस्ट लावतो, तिच्यातले हायड्रोजन सायनामाइड हे डोळे फोडणारे रसायन सफरचंदालाही चालते. पाने काढताना मात्र घाई नको. पान खसकन खाली ओढले तर बगलेतला डोळा सालीसकट निघून येतो, आणि त्या जागी फूल येत नाही.

एकट्या अण्णाला फळधारणा नीट होत नाही. सोबत त्याच वेळी फुलणारे, मूळचे बहामातले ‘डोर्सेट गोल्डन’ लावतात. मुळांशी पाणी साचलेले या झाडाला सोसत नाही, त्यामुळे खानापूरकडच्या पावसात आणि चिक्कोडीच्या भारी काळ्या रानात उंच गादीवाफे व चर हवेतच. फळ मे-जूनमध्ये तयार होत असेल, तर वळवाच्या गारांचीही धास्ती असते.

हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातील हरिमन शर्मा (पद्मश्री, 2025) यांचे ‘एचआरएमएन-99’ हेही कमी थंडीचेच, पण वेगळे वाण आहे.

अण्णा फार टिकत नाही. उन्हाळ्यात घरात ठेवले की काही दिवसांतच पिठूळ होते. फ्रिजमध्ये सहा-आठ आठवडे राहते. ताजेच खावे, उरले तर जॅम किंवा मुरंबा करावा; आंबटपणामुळे दोन्ही चांगले होतात.